कोणाबरोबर जेवलास?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीचा निकाल लागतो, सीईटीचं आणि प्रवेशाच्या फेऱ्यांचं रामायण संपतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या सेलूतल्या कितीतरी घरांतला एक कोपरा रिकामा होतो. कुणी परभणीला कृषी विद्यापीठात जातं, कुणी नांदेडला, कुणी लातूरला, कुणी छत्रपती संभाजीनगरला, तर कुणी थेट पुण्याला. नवी बादली, नवं कुलूप, गुंडाळलेली गादी आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन मूल निघतं. जाताना ते खुशीत असतं. मग आठ-पंधरा दिवसांनी फोन येतो. इकडचं-तिकडचं बोलून झालं की ते हळूच म्हणतं, "आई, इथं करमत नाही."

हे तीन शब्द ऐकले की घरातली झोप उडते. आई म्हणते, घेऊन या लेकराला. वडील म्हणतात, एवढी फी भरली ती काय परत यायला? आजी म्हणते, कुणाची तरी नजर लागली. आज या 'करमत नाही'बद्दलच थोडं बोलायचं आहे. मी सेलूत राहते. 28 वर्षं शिकवलं, त्यातली 9 वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. माझी स्वतःची दोन्ही मुलं शिकायला बाहेर गेली. तेव्हा हे दुखणं मी दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

पहिली गोष्ट ही, की हे दुखणं नवं नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. 1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं यावर प्रबंध लिहिला. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द त्यानंच बनवला, घरी परतणं आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. त्या प्रबंधात बर्नहून बासेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत आहे. पोरगा आजारी पडला, खंगत गेला, औषधांचा उपयोग होईना. शेवटी त्याला घरी न्यायचं ठरलं, तर वाटेतच त्याच्यात सुधारणा दिसू लागली. बर्न ते बासेल हे अंतर आपल्या सेलू ते संभाजीनगर अंतराहून जास्त नाही. म्हणजे प्रश्न किलोमीटरचा नसतो. परभणीला गेलेल्या मुलालाही करमत नाही आणि अमेरिकेला गेलेल्यालाही करमत नाही.

वसतिगृहात हे दुखणं मी ओळखायला शिकले ते पोटदुखीवरून. मुली "आठवण येते" असं म्हणत नाहीत. "मॅडम, पोट दुखतंय," "डोकं जड झालंय," असं सांगतात. मुलं तर तेवढंही बोलत नाहीत. ती चिडतात, नाहीतर दिवसभर झोपून राहतात. आणि याच्या वेळा ठरलेल्या असतात. सकाळी वर्ग सुरू असेपर्यंत सगळं ठीक चालतं. संध्याकाळी दिवे लागले की गळा भरून येतो. रविवार सर्वांत वाईट. सण त्याहून वाईट. हात रिकामे आणि मन एकटं, अशा वेळी घर आठवतं.

आपल्या भागातल्या मुलांचं आणखी एक दुखणं असतं. ती पुण्याला गेली की त्यांच्या बोलण्याला कुणीतरी हसतं. "मी जेवण करू लालो" असं म्हटलं की सगळी खोली हसते. 'लई' म्हटलं की हसते. हसणाऱ्यांच्या मनात फार वाईट काही नसतं, पण घरात बोलली जाणारी भाषा इथं चालत नाही, हे पोराच्या मनात रुतून बसतं. मग तो वर्गात प्रश्न विचारणं सोडतो, मेसमध्ये बोलणं सोडतो. आणि मेसच्या ताटात असते चपाती. ज्वारीच्या भाकरीवर आणि येसराच्या आमटीवर वाढलेल्या मुलाला चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी भाकरी आठवते. जीभ दोन्ही अर्थांनी परकी होते. करमत नाही म्हणजे नेमकं काय, हे विचारलं तर पुष्कळदा उत्तर हेच निघतं.

आपल्या आजोबा-पणजोबांची गोष्ट याहून अवघड होती. आज आपली मुलं पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीत बसतात. निजामाच्या काळात शिकायचं म्हणजे याच रुळांवरून उलट दिशेला, हैदराबादला जावं लागे. तिथं 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि शिकवण्याची भाषा होती उर्दू. मराठी घरातलं मूल घर सोडून जाई आणि वर्गात बसल्यावर भाषाही सुटे. पुढे 1950 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आणि नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झालं आणि शिक्षण थोडं जवळ आलं. तरी घर सुटायचं ते सुटायचंच.

मग त्या काळी मुलं टिकली कशी? मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पूर्वी बाहेरगावी शिकणाऱ्या गरीब मुलाचे वार लागलेले असत. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवड्याचे सात दिवस सात घरं. ज्याला वार मिळत नसत तो माधुकरी मागे. याचं उगाच गोडवं गायला नको. त्यात अपमान होता, शिळंपाकं होतं, कुणाच्या कपाळावरची आठी पाहत घास गिळणं होतं. आणि ही सोय प्रामुख्यानं ब्राह्मणांच्या मुलांपुरती होती. बाकीच्यांच्या मुलांना कोण वार देणार? आणि ज्यांचा स्पर्शही चालत नव्हता, त्यांच्या मुलांची तर बातच नको.

म्हणूनच महाराष्ट्रात वसतिगृहं निघाली. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्याला बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. त्या माऊलीला ठाऊक होतं की घरापासून लांब आलेलं पोर आधी जेवलं पाहिजे, आणि एकटं जेवता कामा नये. आपल्याकडे मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहांनी मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या दलित मुलांना असाच आधार दिला. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती 1955 सालापासून ग्रामीण भागातल्या मुलांसाठी हेच काम करते आहे.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या डॉक्टर व्हायला एकट्या अमेरिकेला गेल्या. परका देश, थंडी, नेसायला लुगडं, खायचे हाल. तिथं न्यू जर्सीतल्या रोझेल गावी थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं. ओळख आधी नुसती पत्रांतली. आनंदीबाई त्यांना काय म्हणत? 'मावशी'. पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजात गेल्यावरही हे नातं टिकलं. 1886 साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. प्रकृतीनं साथ दिली नाही आणि 1887 साली त्या गेल्या, ही हळहळ आहेच. पण परक्या मुलखातही माणसाला एक मावशी लागते, हे त्या विद्वान मुलीनं ओळखलं होतं.

सात घरांचे वार घ्या, साताऱ्याची पंगत घ्या, की रोझेलची मावशी घ्या. या तिन्हींत ताट आहे आणि ताटाशेजारी माणूस आहे. माझ्या नऊ वर्षांच्या अनुभवात हाच फरक मला दिसत गेला. जी मुलगी महिनाभरात चारजणींबरोबर जेवायला बसू लागली, तिचं करमत नाही हळूहळू विरून गेलं. जी ताट घेऊन खोलीत जात राहिली, तिचं वाढत गेलं.

आज वार गेले, माधुकरी गेली, बरं झालं. पण त्यांच्या जागी काय आलं? कॉट बेसिसवरची खोली. एका खोलीत चार कॉट, चौघं चार गावचे. दारात डबा येतो. प्रत्येक जण आपापल्या कॉटवर बसून, समोर मोबाइल उभा करून जेवतो. पुष्कळदा त्या मोबाइलमध्ये आपणच असतो. "दाखव बरं, आज भाजी कोणती आहे?" असं आई व्हिडिओ कॉलवर विचारत असते. आईचा जीव, तिला दोष कसा द्यायचा? पण त्या वेळी पलीकडच्या कॉटवर एक हिंगोलीचं नाहीतर सोलापूरचं पोरगं तसंच एकटं जेवत असतं. आपण फोनवर नसतो तर कदाचित या दोघांनी एकमेकांना लोणचं विचारलं असतं.

म्हणून माझी पालकांना पहिली सूचना अशी. जेवणाच्या वेळेला फोन करू नका. झोपायच्या अगदी आधीही नको, कारण त्या वेळी मन हळवं असतं आणि फोन ठेवल्यावर समजूत घालायला कुणी नसतं. दिवसातली एक वेळ दोघांच्या सोयीनं ठरवा. आणि रोजचा "जेवलास का?" हा प्रश्न थोडा बदला. "कोणाबरोबर जेवलास?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला "हो" म्हटलं की संपलं. दुसऱ्याला नाव सांगावं लागतं. पहिले काही दिवस उत्तर येईल, "एकटाच." येऊ द्या. विचारत राहा. ज्या दिवशी एखादं नाव येईल, त्या दिवशी समजा की बी रुजलं.

दुसरी सूचना, गावाकडून डबा पाठवाल तो चौघांचा पाठवा. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरकडे डबा देण्याची रीत किती वर्षांची आहे! कितीतरी मुलं त्या डब्यावर पदवीधर झाली. पण एकट्याचा डबा पोर लपवून खातं, चौघांचा डबा उघडून बसतं. धपाटे जास्तीचे द्या, कारळाची चटणी जास्तीची द्या. तुमच्या चटणीनं जी मैत्री होईल ती कुठल्या उपदेशानं होणार नाही.

तिसरी सूचना जरा कठीण आहे. जाताना मुलाला असं वचन देऊ नका, की "नाही करमलं तर फोन कर, लगेच येऊन घेऊन जाऊ." ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन या अमेरिकन अभ्यासकांनी 2007 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात घराच्या ओढीवर लेख लिहिला. त्यांनीही पालकांना असं वचन न देण्याचा सल्ला दिला आहे. त्यात आपला लेकराच्या ताकदीवर विश्वास नाही, असं त्याला ऐकू येतं. मग ते रुजायचा प्रयत्न करतच नाही, दाराकडे डोळे लावून बसतं. त्यापेक्षा परतीची तारीख ठरवून द्या. "महालक्ष्म्यांना ये, तोवर कळ काढ," असं म्हटलं की मुलाला दिवस मोजता येतात. पहिल्याच शनिवारी घरी, मग दर शनिवारी घरी, असं सुरू झालं तर मूल ना इथलं राहतं ना तिथलं.

आणि वडिलांना एक विनंती. "एवढे पैसे भरले" हे वाक्य निदान पहिले तीन महिने बोलू नका. कापसाचा भाव काय होता, कर्ज कुणाकडून काढलं, हे पोराला माहीत असतं. त्याच ओझ्यानं तर ते गप्प झालेलं असतं. "मलाही नव्या गावी आधी करमलं नव्हतं," एवढं एक वाक्य बापाच्या तोंडून निघालं, तर दहा औषधांचं काम होतं.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोललं पाहिजे. मुलगा "करमत नाही" म्हणाला तर घर त्याला समजावतं. मुलगी म्हणाली तर काही घरांत लगेच ऐकू येतं, "मग ये परत, नाहीतरी स्थळं बघायचीच आहेत." माझ्या वसतिगृहातल्या मुलींना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या घरी फोनवर हसत बोलायच्या आणि फोन ठेवला की जिन्यात बसून रडायच्या. ज्या मुलीचं रडणं हे तिचं शिक्षण बंद करण्याचं कारण ठरू शकतं, ती रडणार कुठे? तेव्हा माय-बापहो, लेकीला आधी हे सांगा की तुझं शिक्षण काही झालं तरी थांबणार नाही. मग ती खरं बोलेल. आणि खरं बोलली तरच तिला मदत करता येईल.

आता मुलांसाठी दोन शब्द, कारण काही जण खोलीवर हे ऐकत असतील. बाळांनो, संध्याकाळ रिकामी ठेवू नका. मैदान, ग्रंथालय, राष्ट्रीय सेवा योजना, गाण्याचा गट, जे असेल त्यात जा. गरज असेल तर 'कमवा आणि शिका' योजनेत नाव घाला, पैशाइतकाच माणसांचा लाभ होतो. आपल्या बोलीला कुणी हसलं तर तुम्हीही हसा, आणि बोलायचं थांबू नका. 'लई' हा शब्द काही अशुद्ध नाही, तो आपल्या मायचा आहे. पहिले पाच-सहा आठवडे जड जातात. बहुतेकांचं ओझं त्यानंतर उतरतं. घर आठवायचं थांबत नाही, पण घर आठवत असतानाही अभ्यास करता येतो, हे कळतं. त्यालाच रुळणं म्हणतात.

मात्र एक सीमा ओळखली पाहिजे. दोन-तीन आठवडे झाले तरी मूल जेवत नाही, झोपत नाही, वर्गात जात नाही, फोन उचलत नाही, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतं, तर ते नुसतं करमत नाही नव्हे. त्या वेळी वाट पाहू नका, कळ काढ म्हणू नका. त्याच दिवशी तिथं जा, डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा 2022 सालापासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येतं. मुलाच्या वहीत आणि तुमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर हा क्रमांक लिहून ठेवा. रॅगिंग, कुणाचा त्रास, न झेपणारा अभ्यासक्रम, अशी कारणं असू शकतात. सगळं पाहून मूल परत आणावं लागलं, तर आणा. वर्ष बुडतं, पण माणूस राहतो. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात चांगली शिकलेली मुलं मी पाहिली आहेत.

घरी राहिलेल्या आईलाही करमत नाही, हे कुणी विचारत नाही. सकाळी सहाला उठून डबा करायचं वीस वर्षांचं काम एका दिवसात संपतं. चार भाकरी थापायच्या हाताला दोनच थापाव्या लागतात. मुलाला दिवसातून पाच फोन जातात, त्यातले तीन आईला करमत नाही म्हणून जातात.

या दोन्ही दुखण्यांवर मला एकच औषध सुचतं, आणि ते आपल्या गावातच आहे. श्रोतेहो, आपलं सेलू काही फक्त मुलं पाठवणारं गाव नाही, इथं मुलं येतातसुद्धा. तालुक्यातल्या खेड्यांतून, जिंतूर, मंठा, परतूरच्या बाजूनं शिकायला येऊन खोली करून राहणारी मुलं-मुली आपल्याच गल्लीत आहेत. संध्याकाळी स्टोव्हवर खिचडी टाकून एकटी जेवत असतात. आपण त्यांना ओळखत नाही, फक्त त्यांची सायकल दारात आडवी आली की बोलतो.

तुमचं मूल पुण्यात कुणाच्या तरी शेजारी राहतं, तसं कुणाचं तरी मूल तुमच्या शेजारी राहतं आहे. आठवड्यातला एक वार त्याला द्या. उपकार म्हणून नको, जात विचारून नको, जुन्या काळचा तो कडवटपणा परत आणायला नको. आपल्या घरात जे शिजलं असेल ते, घरच्यांच्या पंगतीत. एखाद्या गुरुवारी त्या मुलीला बोलवा. ती लाजेल, नको म्हणेल. दुसऱ्यांदा बोलवा.

आणि रात्री तिच्या आईचा फोन येईल तेव्हा तिला सांगायला एक नाव असेल.